सर्व्हरची पूजा

दूध संघाचा सर्व्हर पुन्हा हँग झाला, नोंदी अडल्या आणि फाटकाबाहेर उन्हात टँकरची रांग लागली. व्यवस्थापक इनामके संगणक सांभाळणाऱ्या घोलपबाईंवर खेकसले, "आज हा चालला नाही, तर उद्यापासून येऊ नका."

बाईंनी दातओठ खात सर्व्हरचं झाकण उघडलं. मेमरी बदलून झाली होती, वायरी बदलून झाल्या होत्या, बोलणी तर रोजचीच. पाहतात तो पंख्यात एवढा झेंडू अडकलेला, की संघाच्या दाराला तोरण झालं असतं. वर उदबत्तीच्या राखेचा थर. हवा कोंडून बिचारं यंत्र मान टाकत होतं.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझाच," साहेब म्हणाले. "सारखा बंद पडतो म्हणून शुक्रवारी पूजा करायचो. तरी पडतो, म्हणून हल्ली रोज करतो."

बाईंनी ओंजळी भरभरून फुलं उपसली, पंखा पुसला. सर्व्हर चालू लागला, टँकर हलले.

साहेबांनी हात जोडले. "शेवटी पावला बघा." आणि पिशवीतून नारळ काढला.

बाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, खोलीच्या काचेच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"आजपासून फक्त मुखदर्शन, साहेब. तेही काचेतून."