विमानतळावरून आलेला फोन

पंतप्रधान पळाला तो भाग आला, की शैलेंद्र गजभिये हातातला घास ताटात ठेवत. आजही ठेवला. अमेरिकेत शुगर लँडला लेकीच्या घरी जेवायला आलेली मंडळी सरसावून बसली. शोभना वाढत होती. नवऱ्याचा हा किस्सा तिने इतक्यांदा ऐकला होता, की हशा कुठे होणार आणि त्याआधी कुणाला भाजी वाढून घ्यावी, हेही तिला पाठ होतं.

दोन युद्धांच्या मधल्या शांततेत शैलेंद्र त्या पंतप्रधानाच्या चिमुकल्या देशात भारताचे राजदूत होते. तिथलं राजकारण म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ पोरखेळ. मंत्री सकाळी टीव्हीवर मातीची शपथ घ्यायचे आणि संध्याकाळी मुलांना विमानात बसवायचे. भाषणं ऐकायचीच नाहीत, पोरं कुठे धाडली ते बघायचं, असं शैलेंद्र ऐटीत सांगत होते. हा देश टिकत नाही, हे त्यांनी म्हणे दिल्लीला आधीच कळवलं होतं.

शोभनाला हसू आलं. स्वतःची दोन्ही पोरं अमेरिकेत धाडून हा माणूस दुसऱ्यांची मोजत होता.

मग तो पंतप्रधान. सगळं परस्पर ठरवून त्याने विमानतळावरून बायकोला फोन केला, बॅग भर आणि नीघ. आणि ती खुळी बाई गेलीच नाही. इथे ठरलेला हशा झाला.

तो ओसरायच्या आत लेकीने, सुलेखाने, आनंदाची बातमी दिली. “बाबा नागपूरचं घर सेल करतायत. आता दोघं इथेच, पर्मनंट.”

टाळ्या पडल्या. शोभनाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिलाही हे आत्ताच कळत होतं. शोभनाच्या वडिलांनी तिच्या नावावर घेतलेल्या प्लॉटवरचं ते घर. पहाटे शेजारच्या विहारातली वंदना थेट ओट्यापर्यंत ऐकू यायची. जन्मभर नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरताना तिने एवढंच मागितलं होतं, म्हातारपण तिथे काढायचं. तिला भयंकर राग आला.

“हिची सही तेवढी राहिलीय,” शैलेंद्र पापड मोडत म्हणाले.

शोभनाने डाव खाली ठेवला.

“तुमचा किस्सा अर्धाच आहे. फोन आला तेव्हा मी त्या बाईंच्या शेजारी बसले होते. त्या काय म्हणाल्या, ते तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत.”

“काय म्हणाल्या, काकू?” एका पाहुण्याने विचारलं.

शोभना नवऱ्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही राहा तिकडे. घर माझ्या नावावर आहे.”