डॉक्टरांच्या पेटीतला रुमाल

"एवढं भोक बुजवून द्या, एफीमावशी. रविवारी काचेत ठेवायचंय, सगळं गाव बघायला येणार," म्हणत वॉल्टर गिलमोरने टेबलावर कागदाची पुडी ठेवली.

एफी रेनीने पुडीकडे पाहिलंही नाही. "गिरणी सुटली तशी सुईही सुटली माझी. डोळे गेले, बोटं वळत नाहीत. त्या नव्या पोरींकडे जा."

"त्यांना मशीन येतं. रफू तुम्हालाच येतं."

मस्का लावतोय हे कळत होतं, तरी तिला बरं वाटलं. आयुष्यभर गिरणीच्या ट्वीड कापडातली भोकं तिने अशी बुजवली होती, की विणणाऱ्यालाही सापडू नयेत. तिने चहा ओतला आणि ओटकेकची बशी पुढे सरकवली.

झालं, वॉल्टर सुरूच झाला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला पूर्वजांचं वेडच लागलं होतं. खापरपणजोबा क्रिमियाच्या लढाईत लष्करी डॉक्टर, पणजोबा अफगाण युद्धात, आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये. कुठल्या कुठल्या कबरी शोधून आला होता गडी!

"तिघांपैकी एकानेही कुणाला मारलं नाही, मावशी. नुसती माणसं वाचवली. आणि हे आजोबांचं. त्यांनी वाचवलेल्या पहिल्या सैनिकाच्या जखमेवरची पट्टी. मरेपर्यंत शस्त्रक्रियेच्या पेटीत जपली होती." मग त्याचं लक्ष तिच्या छातीकडे गेलं. त्याच्या कोटावर लाल कागदी पॉपीचं फूल होतं, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं. नोव्हेंबरात गावात सगळेच लावायचे. "तुम्ही लावली नाहीत? माझ्याकडे जास्तीची आहे."

"नको."

चौकातल्या स्मारकावर गावातून लढायला जाऊन मेलेल्या सगळ्यांची नावं होती. तिच्या थोरल्या भावाचं, आर्चीचं, तेवढं नव्हतं. म्हणून दर नोव्हेंबरात गाव स्मारकाशी जमायचं त्या रविवारी एफी दार लावून घरात बसायची. लोक म्हणायचे, रेनी मंडळी पहिल्यापासून तिरसट.

"आर्ची आजोबांच्याच पलटणीत ना?" वॉल्टर म्हणाला. "तापाने गेला बिचारा. नाव चुकून राहिलं असणार, मी अर्ज करतो. आजोबांनी त्याची काळजी घेतलीच असेल."

"घेतली की," एफी म्हणाली आणि विषय बदलायचा म्हणून तिने पुडी सोडली.

आत पिवळं पडलेलं पांढरं कापड होतं, दुमडलेलं, गंजक्या सेफ्टीपिनेसकट. मधोमध भोक, भोवती तपकिरी डाग. ती ते टेव्हियट नदीच्या बाजूच्या खिडकीशी, उजेडात घेऊन गेली. रफूवाल्या बायका भोकाला हात लावत नाहीत, आधी काठ चाचपतात. तिची बोटं काठावरून सरकत कोपऱ्याशी आली आणि थांबली.

दोनदा मुडपलेली किनार, कोपऱ्यावर तीन तिरपे टाके. असाच कोपरा शिकताना तिने लहानपणी आईच्या चापट्या खाल्ल्या होत्या. ती तिथेच खुर्चीवर बसली.

"मावशी? बरं वाटत नाही का?"

"ही पट्टी नाही, वॉल्टर. रुमाल आहे. माझ्या आईने शिवलेला."

"काहीतरीच काय!"

"पट्टी जखम झाल्यावर बांधतात. गोळी ह्याच्यातून गेलीय. हा आधी लावलाय."

वॉल्टरने वाकून भोक जवळून पाहिलं.

"आर्चीला ताप नव्हता आला," ती म्हणाली. "ते आई लोकांना सांगायची. तो आघाडीवरून पळाला. एकोणीस वर्षांचं पोर, कानातल्या तोफा बंदच होत नव्हत्या त्याच्या. तुझ्या आजोबांनी तपासलं आणि सांगितलं, ठणठणीत आहे. मग आपल्याच लोकांनी गोळ्या घालायला पहाटे खांबाला बांधला. नेम चुकू नये म्हणून काळजावर पांढरं काही तरी लावतात. ते काम डॉक्टरचं. आर्ची म्हणाला, आईचा रुमाल लावा."

"कोण म्हणतं असं?"

"पलटणीतले पाद्री घरी येऊन सांगून गेले. मी टेबलाखाली बसले होते. म्हणाले, डॉक्टरांचा हात जराही हलला नाही, म्हणून पोराला त्रास झाला नाही. हे आईला बरं वाटावं म्हणून सांगत होते."

वॉल्टरचा चहा तसाच राहिला. "आजोबांनी तो एवढा जपून…"

"जपला ना. आई मरेपर्यंत विचारत होती, रुमाल तरी परत मिळेल का. आणि तुझे आजोबा दोन गल्ल्या पलीकडे राहत होते!"

वॉल्टरने हळूच हात पुढे केला. "द्या तो. मी नाही ठेवत काचेत. कुणाला कळायलाही नको. तुमचीच लाज राहील."

एफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने रुमाल मुठीत घट्ट धरला, उठली, खुंटीवरचा काळा कोट काढला. चर्चला जायचा. तो अंगात घालून सगळी बटणं लावली आणि वॉल्टरसमोर येऊन उभी राहिली.

"जन्मभर भोकं लपवली मी. हे नाही लपवणार." तिने रुमाल त्याच्यापुढे धरला. "लाव."

"काय?"

"इथे. तुम्ही पॉपी लावता तिथे. रविवारी मी चौकात येणार आहे."

"मावशी, नका ना. मी पाया पडतो तुमच्या."

"लाव म्हटलं ना."

वॉल्टरने रुमाल घेतला. गंजलेली पिन त्याला उघडता उघडेना. उघडली तर कापडातून जाईना. एकदा निसटली, पुन्हा निसटली. त्याचे डोळे भरले होते आणि बोटं लटलट कापत होती.

एफी ताठ उभी होती, नजर समोर.

"हात हलवू नकोस, वॉल्टर," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांचा हलला नव्हता."