ग्रेडर

अतुलनं सहावी बाटली बाजेपुढच्या स्टुलावर ठेवली आणि इंदूबाईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं. बियर. तिच्या अंगणात, भर दुपारी, आणि आणली कोणी, तर पोटच्या पोरानं! दुसऱ्या कोणी आणली असती तर तिनं त्याला झाडू घेऊन फाटकापर्यंत पोचवलं असतं.

अतुल पुण्याला बियरच्या एका छोट्याशा कारखान्यात होता. तिथं थोडी थोडी, तऱ्हेतऱ्हेच्या चवीची बियर बनवायचे. क्राफ्ट बियर म्हणे. ह्या सहा त्यानं स्वतः बनवल्या होत्या. बाटल्यांवर नाव नाही, चिठ्ठी नाही, नुसते पेननं घातलेले आकडे. बाबांनी चव पाहायची आणि दहापैकी मार्क द्यायचे, एवढंच त्याचं म्हणणं.

"बाबा, तुमी चिमटीत कापूस धरून ग्रेड सांगता. तसाच ह्याचा सांगा," तो म्हणाला.

इंदूबाईचा नवरा मारोती दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं ग्रेडर होता. गाडीतला मूठभर कापूस ओढून धागा किती लांब, ओलावा किती, हे तो यंत्राच्या आधी सांगायचा. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, जिनिंग संक्रांतीलाच बंद पडलं आणि मारोती घरी बसला. बसला म्हणजे नुसता बसला. बोलणं तर त्याचं अकरा वर्षांपूर्वीच सुटलं होतं, दारूबरोबर.

अकरा वर्षांपूर्वी अतुल दहावीत शाळेत पहिला आला होता. शाळेनं सत्कार ठेवला. मारोती आला तो झुलतच. पोराला हार घालायला स्टेजवर चढला आणि टेबलासकट खाली कोसळला. सगळी शाळा हसली. अतुल घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी मारोतीनं विहारात जाऊन दारूला न शिवण्याचं शील घेतलं, आणि पाळलं. पण त्या दिवसाबद्दल ना बापानं कधी तोंड उघडलं, ना लेकानं. पुण्याहून फोन आला की मारोती 'हूं, आईले देतो' म्हणून मोकळा.

इंदूबाईला ते मुकेपणही चालत होतं. माणूस संध्याकाळी आपल्या पायानं घरी येतो, आणखी काय हवं?

त्यामुळं आता हा नाही म्हणेल, ह्याची ती वाट पाहत होती. मारोतीनं तिच्याकडं पाहिलं. मग पोराकडं पाहिलं. आणि पेला पुढं केला. इंदूबाईनं सूप खाली आपटलं.

पहिला घोट त्यानं बराच वेळ तोंडात धरला. गिळला. पेल्याकडं पाहिलं.

"फरदड," तो म्हणाला. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर उरल्यासुरल्या झाडांचा हलका कापूस. "चार मार्क."

अतुलनं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. दुसरीत संत्र्याची साल होती. तिला सहा मिळाले, आणि कडूपणा मागून येतो म्हणून त्यातला अर्धा मार्क कापलाही गेला. तिसरी गव्हाची. तिला साडेसात. तोवर मारोतीची जीभ सैल झाली होती. एका व्यापाऱ्यानं वजन वाढवायला कापूस भिजवून आणला, तेव्हा आपण त्याच्यासमोर तो पिळून लोटा कसा भरला, हे तो हातवारे करून सांगू लागला. अतुल पोट धरून हसत होता. मधेच मारोतीनं 'इंदे' म्हणून हाक मारली. ही हाक तिनं अकरा वर्षांत ऐकली नव्हती. गोड लागली मेली, आणि लगेच भीतीही वाटली. ह्या गोडव्याच्या मागून काय काय येतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? आता पुरे, असं तिनं दोनदा म्हणून पाहिलं. मारोतीनं चौथी उघडायला लावली.

अर्धा पेला झाल्यावर त्यानं तो खाली ठेवला.

"अतुल, तुह्या सत्काराच्या दिवशी मी तुह्यी लाज घालवली. लोकं हासले त्याचं काही नाही. तू हारासाठी मान वाकवून उभा होता, ते मले रोज दिसते. चुकलं माह्यं, बेटा."

अतुलनं बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. इंदूबाईनंही पदर डोळ्याला लावला. पण मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं जे ह्याच्या तोंडून निघालं नाही, ते यायचं तर बाटलीतूनच यावं? तिनं अतुलला हाक मारून स्वयंपाकघरात नेलं.

"अकरा वर्सं मी ह्या माणसाले सांभाळलं," ती म्हणाली. "तू एका दुपारात त्याच्यावर पाणी फेरलं."

अतुलनं तिचा हात धरला. "आई, त्यात दारू नाही. एक थेंबही नाही. बिनदारूचीच बनवतो मी."

मग त्यानं सगळं सांगितलं. बाबांची दारू गेली, आणि दारूबरोबर बोलणंही गेलं. दारू पोटात आहे ह्या भरवशावर तरी एकदा बोलतील, असं त्याला वाटलं होतं. आधी सांगितलं असतं तर ते 'हूं' म्हणून गप्प बसले असते. पुण्याला परत जाताना तो खरं सांगून टाकणार होता.

इंदूबाई पाटावर बसली. हसावं की रडावं, तिला कळेना. मग एकदम बाहेरच्या माणसाची आठवण झाली. आपलं शील मोडलं म्हणून तो मनातल्या मनात किती कुढत असेल! पोरगा जाईपर्यंत त्याला तसं ठेवणं तिच्या जिवाला झेपेना. ती तशीच उठून अंगणात गेली.

मारोती बाजेवर डोळे मिटून पडला होता. ती वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "आयका, शील मोडलं नाही तुमचं. त्यात दारू नव्हती."

मारोतीनं एक डोळा उघडून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

"पह्यल्या घोटालेच समजलं मले," तो हळूच म्हणाला. "पोराले सांगू नको. अजून दोन बाटल्या राह्यल्या."