बी काढलेली फोड

“बी आहे,” लेक म्हणाली आणि तिने लिंबाची फोड बशीच्या कडेला ठेवली.

वडिलांनी खिशातली वही काढली, हॉटेलचं नाव लिहिलं आणि त्यावर काट मारली. मग दोघं सूप पिऊ लागले. सूप वाईट नव्हतं. पण ते कसं आहे हे बघायला दोघं आलेच नव्हते.

टेबलाला तिसरी खुर्ची होती. ती कुणी ओढून नेऊ नये म्हणून लेकीने तिच्यावर पर्स ठेवली होती. घराजवळच्या हॉटेलातही दर रविवारी ते तीन खुर्च्यांचंच टेबल घेत. तिथला वेटर न सांगता पाण्याचे तीन ग्लास आणून ठेवी आणि तिसरा तसाच भरलेला परत नेई.

आई हॉटेलात स्वयंपाक करायची. लेक चार वर्षांची असताना तिच्या घशात लिंबाची बी अडकली होती आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून घरात काय नि हॉटेलात काय, आईने बी असलेली फोड कुणाच्या ताटात जाऊ दिली नाही. सुरीच्या टोकाने एकेक बी टिपून काढायची. लिंबाचं ऑपरेशन चाललंय म्हणून बाकीचे आचारी तिची टर उडवत.

लेक अकरा वर्षांची असताना एका दुपारी शाळेतून आली, तर घरात आई नव्हती. भांडण झालंय, राग उतरला की येईल, असं वडील म्हणाले. ती आली नाही. घर खायला उठतं म्हणून वडिलांनी वर्षभरात गावच बदललं. नवा पत्ता शेजारच्या काकूंकडे ठेवलाय, असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं.

शोधायची कल्पना लेकीची. आई जिथे असेल तिथे स्वयंपाकच करत असणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. वडील लगेच हो म्हणाले. मग दर सुट्टीत दोघं निघू लागले. गाव वडील ठरवत, हॉटेलही तेच निवडत. दहा वर्षांत तीन वह्या भरल्या. नातेवाइकांनी आधी वेड्यात काढलं, मग असा बाप मिळायला नशीब लागतं असं म्हणायला लागले. लेकीला ते अगदी पटायचं.

एक मात्र ती वडिलांना सांगत नसे. अनोळखी हॉटेलात आतून भांड्यांचा आवाज आला की ती चमचा थांबवून कान द्यायची. काचेत कुणी पाठमोरी बाई दिसली की घास हातातच राहायचा. बाई वळायची आणि ती भलतीच कुणी असायची. आई मेली असती तर निदान इतक्या ठिकाणी दिसली नसती, असं तिला वाटे.

परतीच्या वाटेवर दरवर्षीप्रमाणे एका गावात गाडी बदलायची होती. मधे दीड तास होता. स्टँडसमोर एकुलतं एक बरं हॉटेल होतं, पण तिथे जेवायचा योग काही आला नव्हता. वडील आधी आत जाऊन बघून येत. कधी गर्दी असे, कधी कुबट वास येई. तोवर लेक समोरच्या विजेच्या खांबापाशी सामान राखत उभी राही.

यंदाही वडील आत गेले आणि पाचेक मिनिटांनी रुमालाने मान पुसत बाहेर आले.

“पाय ठेवायला जागा नाही बाळा,” ते म्हणाले. “बिस्किटांवर भागवू.”

बॅगा घेऊन ते गाडीत जागा धरायला गेले. लेकीला तोंडावर पाणी मारायचं होतं आणि स्टँडवरचा नळ कोरडा ठणठणीत होता. तिने रस्ता ओलांडला आणि ती हॉटेलात शिरली.

आत नऊ टेबलं होती. सात रिकामी होती. त्यांच्यावर ग्लास पालथे घातलेले होते.

वडिलांची नजर अधू होत चालली असावी, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्यांची कणव वाटली. गाडीला अजून वेळ होता. ती बसली आणि सवयीने तिने सूप मागवलं. सूप आलं, शेजारी बशीत दोन फोडी आल्या. तिने एक उलटी केली. मग दुसरी केली. बी नव्हती. बियांच्या जागी सुरीच्या टोकाच्या बारीक खुणा होत्या.

ती उठली. आधी वडिलांना बोलवावं असं तिला वाटलं. इतकी वर्षं त्यांनी तिच्याबरोबर वणवण केली होती, हा क्षण त्यांचाही होता. पण पाय स्वयंपाकघराकडे वळले.

आत शेगडीच्या वर रस्त्याकडची खिडकी होती. तिच्यातून समोरचा विजेचा खांब दिसत होता. खिडकीशी एक बाई उभी होती. केस पार पिकलेले, हातात लहान सुरी.

“आई,” लेक म्हणाली.

बाई वळली. अकरा वर्षांच्या पोरीची बावीस वर्षांची बाई झाली होती, पण तिला ओळखायला आईला क्षणही लागला नाही. तिचे डोळे भरून आले. ती एक पाऊल पुढे आली आणि परवानगी नसल्यासारखी तिथेच थांबली.

“बाबा तर आत्ताच सांगून गेले,” ती म्हणाली, “की यंदाही तुला माझं तोंड बघायचं नाही.”