फिरायला जाते ती

“नाही हो भाऊजी, ताई महिनाभरात इकडे फिरकलीच नाही,” मेहुणी फोनवर म्हणाली.

त्याने फोन ठेवला. काल दुपारी, परवा दुपारी, त्याआधीही कितीतरी वेळा बायको “बहिणीकडे जाऊन येते” असं सांगून बाहेर पडली होती.

तो खिडक्या बसवायचा. दुहेरी काचेच्या, रबरी पट्टीच्या, वाऱ्याला शिरकाव न देणाऱ्या. थंडी सुरू होण्याआधी त्याने स्वतःच्या घरालाही त्या बसवल्या. फटी फोमने बुजवल्या, दाराखाली पट्टी लावली. गॅसचा हीटर बारीक ठेवला तरी आता घर उबदार राहायचं. बायकोला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. ती मात्र तेव्हापासून गप्प गप्प झाली. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात राम नाही. त्याच्या विनोदावर हसणंही बंद. डोकं दुखतंय म्हणून पाठ फिरवून झोपायची. डॉक्टरांनी मनाला जास्त लावून घेऊ नका म्हणून सांगितलं होतं.

आणि बाहेर? शेजारच्या काकू मागे एकदा जिन्यात म्हणाल्या, “बागेपाशी दिसली तुझी बायको. काय खुलला होता चेहरा! काही गोड बातमी आहे का?”

त्या वाक्याने त्याचं डोकं फिरलं. कामावर त्याचे हात चालायचे, पण मनात एकच विचार घोळत असायचा. कोण असेल? कपाटात तिचे कपडे तपासताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, तरी त्याने खिसे चाचपलेच. सुट्टीच्या दिवशी तो घरीच तिच्यावर डोळा ठेवून बसायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या कपाळात घण पडायला लागायचे. संशयाने माणसाचं असंच होतं, असं तो स्वतःला सांगायचा.

आज दुपारी ती निघाली तसा तोही अंतर राखून मागे निघाला. ती बहिणीच्या घराच्या उलट दिशेला वळली. बस डेपोमागच्या बागेत जाऊन एका बाकावर बसली. तो तिकिटाच्या खोपटाआड उभा राहिला. थोड्या वेळाने एक उंच माणूस येऊन तिच्या शेजारी बसला, तेव्हा त्याच्या मुठी वळल्या. पण त्या माणसाने बुटाची नाडी बांधली आणि तो चालता झाला. दुसरं कोणी आलं नाही. तिने सफरचंद काढून खाल्लं, झाडांकडे बघितलं आणि ती गुणगुणायला लागली. लग्नानंतरच्या दिवसांत ती स्वयंपाक करताना अशी गुणगुणायची.

तो पुढे झाला. “कुणाची वाट बघतेयस?”

ती दचकली. “कुणाचीच नाही.”

“मग खोटं कशाला सांगून येतेस?”

तिने मान खाली घातली. त्याला ती कबुलीच वाटली.

“चल घरी. आजपासून एकटीने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.”

ती निमूटपणे उठली.

घरी आल्यावर त्याने हीटर लावला, दार लावून घेतलं आणि पहारा दिल्यासारखा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला. म्हणून त्याला ते दिसलं. बागेत गुलाबी असलेला तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. त्याने काहीतरी विचारलं, तिने भलतंच उत्तर दिलं. पाणी आणायला उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तो तिला सावरायला उठला, तेव्हा त्याच्याही कपाळात घण पडायला लागले होते. बागेत एवढा संतापला होता, तरी तिथे त्याचं डोकं दुखलं नव्हतं.

त्याची नजर हीटरच्या वर गेली. तिथल्या भिंतीत हवा खेळती राहावी म्हणून एक जाळी होती. मानेवर गार वारा येतो म्हणून त्याने तीही फोमने बुजवली होती. ज्या खोलीत गॅस जळतो तिथली जाळी कधी बुजवू नका, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा.

त्याने हीटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तिला उचलूनच गॅलरीत नेलं.

गॅस कंपनीचा माणूस आला. जाळी तशीच बुजलेली ठेवून त्याने हीटर लावून बघितला, तर त्याच्या हातातलं यंत्र थोड्याच वेळात किंचाळायला लागलं. “हा कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. दिसत नाही, त्याला वासही येत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही दिवसभर बाहेर असता म्हणून बचावलात. आणि या रोज बाहेर जात होत्या म्हणून. नाहीतर एक दिवस झोपेतून उठल्याच नसत्या.”

तो गेल्यावर दोघं गार घरात अंगावर कोट चढवून बसले. ती हमसून हमसून रडत होती.

“घाबरू नकोस,” तो म्हणाला. “आता धोका टळलाय.”

“घाबरून नाही रडत,” ती त्याचा हात घट्ट धरत म्हणाली. “इतके दिवस मला वाटत होतं, मला तुमचाच उबग आलाय.”