पुलावर थांबणारी मोटार

सुनेत्राकाकूंनी काकांचा गेमिंग पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडल्यापासून काकूंनी बटण दाबलं तरी शर्यतीच्या गेममधली त्यांची मोटार उशिराच वळायची. काका जाऊन वर्ष झालं होतं. पण गेमने त्यांचा चालवण्याचा हात शिकून घेतला होता, त्यामुळे त्यांची निळी मोटार अजून त्यांच्यासारखीच पळायची.

दुरुस्तीला आलेल्या रियाझने टीव्हीचा गेम मोड चालू केला. "बघा काकू, लॅग गेला, आता बटण दाबताच वळेल."

काकूंची मोटार सुसाट निघाली. निळी मोटार पूल ओलांडून सरळ पुढे गेली.

"हे थांबले नाहीत रे! मी मागे पडले की पुलावर थांबून हॉर्न वाजवतात."

"मग हळू चालवा ना."

"मुद्दाम हळू चालवलं तर यांना लगेच कळतं," काकूंनी रिमोट त्याच्यापुढे धरला. "तो लॅग परत आण."