चाकांची बॅग

या मायबाप, जरा जवळ सरका, एका बॅगेची गोष्ट सांगते. स्वातीचं पहिलं कीर्तन उद्या एटापल्लीला आहे, आणि आज तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. राजुऱ्यात बॅगांचे दुकानदार इनायतभाऊंनी तिला चाकांची दणकट बॅग दाखवली. दुकानभर ती फिरवून स्वाती हरखली आणि एकदम थांबली.

"भाऊ, यात गुरुमाईनं देलेले टाळ जातीन. त्याईले रस्त्यावरून ओढत नेऊ काय?"

इनायतभाऊंनी बॅगेच्या पाठीची चेन उघडून दोन पट्टे बाहेर काढले.

"कपडे असले तं ओढजा, बाई. टाळ असले तं पाठीवर घेजा. मी बी कुराण घेऊन निघालो का हे चाकं खाली टेकवत नाई."

स्वाती बॅग पाठीवर घेऊनच निघाली. मंडळी, एटापल्लीत टाळ घुमतील तेव्हा इनायतभाऊंनाही आठवा.